हसू कुणाचं?

अन्विता मगदूमचा पेशा कुलपं उघडण्याचा. लोखंडी नव्हे, संगणकातली. बँका, विमानतळ, वीज पुरवणाऱ्या कंपन्या तिच्याशी रीतसर करार करून सांगायच्या, आमच्याकडे चोर कुठून शिरेल ते शिरून दाखव. ती शिरायची, वाट दाखवायची आणि वाट नीट बुजवली की नाही हे पुन्हा जाऊन बघायची. सांगलीत घरबसल्या हे काम करणारी बहुधा ती एकटीच. नातेवाइकांत मात्र त्याचं कौतुक नव्हतं. हॅकर म्हटलं की समोरच्याचा हात आपसूक खिशातल्या फोनवर जायचा. लग्नकार्यात सुनंदाआत्या, "आमची भाची, कॉम्प्युटरमध्ये असते," एवढं बोलून घाईघाईनं जेवणाचा विषय काढायची.

त्या दिवशी ती मिरजेच्या हॉस्पिटलात गेली होती ती कामासाठी नव्हे. तिच्या आईची, उल्काताईंची, सहामाही तपासणी होती. उल्काताईंना सहा वर्षांपूर्वी दिवा बसवला होता.

दिवा हे लोकांनी पाडलेलं नाव. यंत्राचं खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं, ते डॉक्टरांखेरीज कुणी घेत नसे. औषधांना न जुमानणारं नैराश्य ज्यांना होतं त्यांच्यासाठी ते निघालं होतं. उदासी माणसाला अचानक घेरते असं आपल्याला वाटतं, पण मेंदूत तिची तयारी काही तास आधीच सुरू होते. ठरावीक भागातल्या पेशींच्या विद्युतलहरींची लय बदलू लागते. माणसाला ते कळत नाही. खोलवर सोडलेल्या केसाएवढ्या तारेला कळतं. अशा दोन तारा डोक्यात आणि गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काड्यापेटीहून लहान डबी. डबी सतत लहरी ऐकत राहते. लय बिघडायला लागली की अगदी हलका प्रवाह सोडते, लय सावरते, आणि जो दिवस काळा जायचा तो साध्या दिवसासारखा जातो. अमक्यानं दिवा लावून घेतला असं आता लोक चष्मा लावल्यासारखं सहज बोलत.

अन्विताच्या बालपणी आई म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडलेली पाठ. शाळेत जाताना वेण्या घालायचे बाबा, डबा भरायचे बाबा, पालकसभेला यायचे बाबा. तापात तिनं हाक मारली तर ती पाठ थोडी हलायची, वळायची नाही. दिवा बसवल्यानंतर महिन्याभरानं उल्काताई एकट्या भाजीला गेल्या आणि कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी कडाक्याचं भांडून आल्या. ते ऐकून महावीर मगदूम, अन्विताचे बाबा, हातातली पिशवी तशीच धरून दारात उभ्या उभ्या रडले होते. पुढे चार वर्षं त्यांनी बायकोबरोबर संसार केला, खरं तर पहिल्यांदाच, आणि मग हृदयविकारानं गेले.

तपासणीच्या वेळी डॉ. इनामदारांनी खिसे चाचपले. "किल्ली घरी राहिली वाटतं." किल्ली म्हणजे दिवा उघडायचं कार्ड. त्याशिवाय डबीतला प्रवाह कमीजास्त करता येत नसे.

"मग पुन्हा यायचं का?" उल्काताईंनी विचारलं.

"छे, छे." डॉक्टरांनी हातातली टॅबलेटची पाटी त्यांच्या गळ्याजवळ धरली, कोपऱ्यातल्या लाल त्रिकोणावर बोट ठेवलं आणि दिवा उघडला.

"किल्लीशिवाय?" अन्विता म्हणाली.

"इमर्जन्सीची सोय. समजा अपघात झाला, पेशंट बेशुद्ध, किल्ली त्याच्या डॉक्टरकडे दुसऱ्या गावात. काय करायचं? म्हणून हातभर अंतरावरून कुठलाही डॉक्टर उघडू शकतो. त्याहून लांबून नाही."

परतताना उल्काताई पेरूवाल्याशी बोलत होत्या. हातभर अंतर त्या डबीला कळतं कसं, एवढाच प्रश्न अन्विताच्या डोक्यात घोळत होता.

जुन्या वैद्यकीय सामानाच्या एका व्यापाऱ्याकडून तिनं वापरून काढलेले दोन दिवे मिळवले आणि घरच्या टेबलावर उघडून बसली. उत्तर आठवड्यात सापडलं. संदेश जितका जोरकस तितका माणूस जवळ, असं डबी धरून चालायची. कानाशी कुजबुजणारा आणि मैदानापलीकडून कर्णा लावून ओरडणारा यांतला फरक तिला कळत नव्हता. चांगला अँटेना असेल तर रस्त्यापलीकडच्या गाडीत बसूनही दिवा उघडता येत होता. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. या दारानं कुणी आत आलं तर त्याची नोंदच राहत नव्हती. डबीला शेवटच्या महिन्याभराचा प्रवाह तेवढा आठवायचा, त्याआधीचं ती पुसत जायची.

उदास माणसाला सावरणारा प्रवाह बेताल सोडला तर माणूस भलतंच हसेल, भलत्यावर विश्वास टाकेल, भलत्या कागदावर आनंदानं सही करेल. आणि ते सगळं त्याला आपल्याच मनातून आल्यासारखं वाटेल.

या धंद्याची एक रीत आहे. दोष सापडला की आधी बनवणाऱ्याला गुपचूप कळवायचं, दुरुस्तीला वेळ द्यायचा आणि त्यानंतरच जगाला सांगायचं. अन्वितानं तसंच केलं. कंपनीचं आभाराचं उत्तर आलं, मग बराच काळ काहीच आलं नाही. शेवटी एका गृहस्थाचा फोन आला. आवाज अगदी मऊ.

"मॅडम, नव्या मॉडेलमध्ये आम्ही हे दुरुस्त केलंय."

"आणि जुन्यांचं काय? चाळीस हजार माणसांच्या अंगात जुने दिवे आहेत."

"त्यांना हळूहळू बदलून घेता येईल. दहा वर्षांत सगळे होतील. तोवर हे कुणाला माहीत नाही, तुम्ही आणि आम्ही सोडून. तसंच राहिलेलं बरं, नाही का?"

"मला सापडलं ते दुसऱ्या कुणाला सापडणार नाही कशावरून?"

"तुम्ही बोललात तर नक्की सापडेल," तो तितक्याच मऊपणानं म्हणाला.

ही गोष्ट चुकीची नव्हती, आणि तीच अन्विताला टोचत राहिली.

बाहेर बोलायच्या आधी आईला सांगायला हवं होतं. उल्काताई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. अन्विता समोर बसली आणि तिनं सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. उल्काताईंनी आधी हसण्यावारी नेलं.

"म्हणजे कुणीही येऊन मला गुदगुल्या करू शकतो म्हण की."

"कुणीही नाही, आई. ज्याला हे काम येतं तो."

"तुला येतं."

"हो."

मेथीची काडी त्यांच्या हातातच राहिली. "तू कधी...?"

"नाही. कधीच नाही."

"अगं, मी आरोप करत नाहीये. नुसतं विचारते. मला कळलं असतं का?"

"नाही."

"तुला सिद्ध करता येईल?"

"गेल्या महिन्याचं येईल. त्याआधीचं पुसलं गेलंय."

उल्काताईंनी ती काडी निवडलेल्या मेथीत टाकली. मग म्हणाल्या, "गेल्या दिवाळीत, पहिल्या आंघोळीला, तुला उटणं लावताना मी काहीतरी बोलले होते."

अन्विताला ते शब्दन्‌शब्द आठवत होतं. तू झालीस ते फार बरं झालं गं, असं आई म्हणाली होती. आयुष्यात पहिल्यांदा. तेल लावलेल्या पाठीवर आईचा हात होता आणि अन्वितानं मागे वळून बघितलं नव्हतं, बघितलं तर ते थांबेल म्हणून.

"तुला ते केव्हापासून ऐकायचं होतं, मला माहीत आहे," उल्काताई म्हणाल्या.

"आई, मी शपथ घेते."

"घेऊ नकोस. शपथेनं काय होणार?" त्यांनी पुन्हा मेथी निवडायला घेतली. "तुझे बाबा गेले तेव्हा मी रडले नव्हते. सगळे म्हणाले, काय धीराची बाई. मलाही तसंच वाटलं होतं."

त्या दिवसानंतर घरात काही बदललं असं बाहेरच्याला दिसलं नसतं. उल्काताई पूर्वीसारख्या बोलत, पूर्वीसारखं खायला करून घालत. फक्त एखाद्या गोष्टीवर त्या हसल्या की हसू मध्येच तुटायचं. चालता चालता पायरी आहे की नाही हे चाचपावं तसा त्यांचा चेहरा व्हायचा. अन्विता लॅपटॉप घेऊन आईच्या खोलीबाहेर बसायची ती आता मागच्या गॅलरीत बसायला लागली. आईनं तसं सांगितलं नव्हतं.

पुण्याच्या एका परिषदेत अन्वितानं टेबलावर एक रिकामा दिवा ठेवला, सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून तो उघडून दाखवला आणि कसा उघडला हे न सांगता खाली बसली. संध्याकाळपर्यंत तिचा चेहरा सगळ्या वाहिन्यांवर होता. पहिले दोन-तीन दिवस ती शूर मुलगी होती. मग कंपनीनं खुलासा केला की आजवर एकाही रुग्णाला इजा झालेली नाही, धोका उत्पन्न झाला तो या जाहीर प्रयोगानं, आणि शूर मुलगी एकदम घरफोडी करणारी झाली. एका निवेदकानं तिला विचारलं, "लोकांच्या मेंदूत शिरण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"मी कुणाच्याही मेंदूत शिरले नाही. शिरता येतं हे सांगितलं."

"शिरायला येतं म्हणजे शिरलाच असाल," निवेदक म्हणाला आणि जाहिराती लागल्या.

कंपनीनं खटला भरला आणि पोलीस तिचे संगणक घेऊन गेले. पंचनामा करणारे निरीक्षक सभ्य होते. चहा घेता घेता त्यांनी मनापासून विचारलं, "म्हणजे ताई, तुम्ही चोर नाही, पण चोरी येते. बरोबर?"

"कुलूप करणाऱ्याला यावीच लागते, साहेब."

निरीक्षकांनी मान हलवली, पण जाताना आपला फोन बंद केला. सुनंदाआत्या फोनवर एकच वाक्य बोलली, "चांगले दिवे लावलेस गं!" आणि आपण काय बोललो हे कळताच तिनं फोन ठेवला.

खरा परिणाम वेगळाच झाला, आणि तो अन्वितानं हिशोबात धरलाच नव्हता. तिला चोरांची भीती होती. चोर आले नाहीत. एकाही दिव्यात कुणी शिरल्याचं सिद्ध झालं नाही. पण ज्यांच्या अंगात दिवा होता त्या प्रत्येकाच्या मनात कुणीतरी शिरलं. नाशिकच्या एका वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं. मुलं कोर्टात गेली, म्हणाली, बाबांना उघडून सही घेतली. सोलापूरच्या एका बाईनं दुसरं लग्न मोडलं. नवरा आवडला तो आपल्याला की दिव्याला, हे तिला ठरवता येईना. गल्लीतली पोरं अँटेना म्हणून खेळण्यातल्या काड्या रोखून म्हाताऱ्यांना "काका, हसा!" म्हणून ओरडायची, आणि काका खरंच घाबरायचे. बाहेरचा संदेश डबीपर्यंत पोचू नये म्हणून तांब्याच्या जाळीची बंडी शिवून देणारे शिंपी निघाले. अशी बंडी उन्हाळ्यात घालून घामानं थबथबलेली माणसं अन्विताला बाजारात दिसायची. ती रस्ता ओलांडायची.

एक दिवस टीव्हीवर नवं नाव आलं. नागेश बिडवे, लातूर, तंत्रनिकेतनात शिक्षक. बातम्या ऐकून त्यांनी हट्टानं दिवा काढून घेतला होता. दोन महिन्यांनी त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. 'हॅकरचा पहिला बळी', असं खाली सरकत होतं. अन्विता ते अक्षर न अक्षर वाचत उभी राहिली. उल्काताईंनी येऊन टीव्ही बंद केला.

पुढच्याच आठवड्यात दुपारी दाराशी एक बाई उभ्या होत्या. चाळिशीच्या, साधी सुती साडी, हातात प्रवासाची पिशवी.

"अन्विता मगदूम तुम्हीच ना? मी बिडवे. लातूरहून आले."

अन्विताला बाजूला व्हायचंही सुचलं नाही. मागून उल्काताई आल्या. "आत या. उन्हाचं दारात नका उभं राहू."

ज्योत्स्ना बिडवे पाणी प्यायल्या, पिशवीतून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. रुमालात दिवा होता. "हॉस्पिटलनं परत दिला. मॅडम, यात बघता येतं का?"

"काय बघायचंय?"

"कुणी हात घातला होता का ते." त्यांचा आवाज शिक्षिकेचा होता, ठाम, सवयीचा. "आठ वर्षं ह्याच्यावर ते उभे होते. मुलीचं कॉलेज केलं, घर बांधलं. आणि एकदम म्हणायला लागले, काढून टाका. हे त्यांचं बोलणं नव्हतं. कुणीतरी त्यांच्याकडून बोलवून घेतलं. तुम्हीच सांगितलंत ना, असं करता येतं म्हणून?"

"हो. करता येतं."

"मग बघा."

काढलेल्या दिव्यात शेवटच्या महिन्याचा प्रवाह तसाच राहतो, पुसायला पुढचे दिवस येत नाहीत. पोलिसांनी संगणक नेले होते, पण तिच्या वकिलांच्या ओळखीनं एक आला होता. अन्विता दिवा घेऊन गॅलरीत गेली. वकिलांचं बोलणं तिच्या कानात होतं: एक खरा हल्ला सापडू दे, कंपनीचा खटला उभाच राहणार नाही, तू बोललीस ते बरोबर होतं हे लहान पोरालाही कळेल.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज येत होता. चहा टाकता टाकता उल्काताई त्या बाईंना नागेशरावांविषयी विचारत होत्या. काय खायला आवडायचं, रागवायचे का, गाणी ऐकायचे का. मरण सोडून सगळं.

दिव्यानं ऐकलेल्या लहरी वर आणि सोडलेला प्रवाह खाली, असा महिना पडद्यावर उलगडला. अन्वितानं पहिल्यांदा भरभर बघितला, मग एकेक दिवस घेऊन. प्रत्येक प्रवाहाआधी लय बिघडलेली होती. कुठेही प्रवाह विनाकारण आला नव्हता, कुठेही अडला नव्हता. शेवटचे दिवस तर फारच शांत होते. दिवा काढून टाकायला निघालेल्या माणसाचं डोकं ताळ्यावर होतं.

तिनं आणखी एकदा बघितलं. या वेळी तिला काहीतरी सापडायला हवं होतं, आणि आपल्याला ते सापडायला हवंय हे कळून तिनं पडदा मिटला.

आत दोघी टेबलापाशी बसल्या होत्या. ज्योत्स्नाबाईंनी मान वर केली. नक्की सांगता येत नाही, एवढं म्हटलं तरी चाललं असतं. त्या बाईला कुणातरी अनोळखी माणसाचा राग करत घरी जाता आलं असतं. वकिलांना तेवढं पुरलं असतं.

"कुणी हात घातला नव्हता," अन्विता म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. मी तीनदा बघितलं."

"मग का काढला त्यांनी?"

"भीतीनं. मी जे बोलले ते ऐकून आलेल्या भीतीनं. निर्णय त्यांचा होता. शांत डोक्यानं घेतलेला."

ज्योत्स्नाबाई रुमालाची घडी घालत राहिल्या. घडी झाली, उलगडली, पुन्हा घातली. "त्यांनी मला कारण सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मला खरं वाटलं नव्हतं. म्हणाले, तू मला आवडतेस ती माझ्याच मनानं आवडतेस ना, एवढं एकदा बघायचंय. मी म्हटलं, अहो, काय फरक पडतो? म्हणाले, मला पडतो."

"मग बघितलं का त्यांनी?" उल्काताईंनी विचारलं.

"पहिले पंधरा दिवस सकाळी उठले की सांगायचे. अजून आवडतेस म्हणून. लहान मुलासारखे खूष. मग एकेक दिवस बोलणं कमी झालं. मी म्हणत होते, परत बसवून घेऊ. नंबर लावला होता."

पंख्याचा आवाज येत होता. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"तुम्ही बोलला नसता तर ते असते," ज्योत्स्नाबाई अन्विताला म्हणाल्या. त्यात प्रश्न नव्हता.

"बहुतेक असते."

"आणि ते दार तसंच उघडं राहिलं असतं."

"हो."

"वाटेत मी ठरवून आले होते. तुम्ही खोटं बोलाल, अंग काढून घ्याल, मग तुमचा राग करणं सोपं जाईल." त्यांनी दिवा रुमालात बांधून पिशवीत ठेवला. "आता तेही नाही."

उल्काताईंनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, मेथीची भाजी, ताक. त्या मुकाट्यानं जेवल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं गेल्या. निघताना दोघींनी एकमेकींचे नंबर घेतले. अन्विताकडे त्यांनी बघितलं, पण बोलल्या नाहीत.

रिक्षा वळल्यावर उल्काताई जिन्यात थांबल्या. "तू माहीत नाही म्हणू शकली असतीस."

"हो."

"तुझ्याच फायद्याचं होतं."

"हो."

"दिवाळीचं मी तुला पुन्हा विचारणार नाही," उल्काताई म्हणाल्या आणि वर गेल्या.

विश्वास बसला असं त्या म्हणाल्या नव्हत्या. अन्वितानं ते न बोललेलंही ऐकलं.

नागेश बिडव्यांच्या मृत्यूनं एक झालं. सरकारला हलावं लागलं आणि जुने दिवेही दुरुस्त करून देण्याचा आदेश कंपनीवर निघाला. अन्वितावरचा खटला मात्र चालूच राहिला; दुरुस्तीच्या पत्रकात दोष कुणी शोधला याचा उल्लेख नव्हता. दुरुस्ती म्हणजे डबीतली आज्ञावली बदलायची, आणि नवी रुळेपर्यंत काही दिवस दिवा बंद ठेवायचा.

उल्काताईंचा दिवा बंद झाला. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा अर्धा ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी अन्विता खोलीत गेली तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तिनं खुर्ची ओढली आणि पलंगाशेजारी बसली, शाळेतून आल्यावर बसायची तशी. भरवायचं, औषध द्यायचं, केस विंचरायचे. हाक मारली तर पाठ थोडी हलायची.

आणि त्या दिवसांत अन्विताला लाज वाटावी अशी गोष्ट झाली. तिला बरं वाटत होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिच्या मनात काही शंका नव्हती. यंत्र बंद होतं, रस्त्यापलीकडे कुणी असो वा नसो, समोरची पाठ नक्की आईचीच होती. हे लक्षात आलं तशी ती उठून तडक बाहेर गेली आणि हॉस्पिटलला फोन करून म्हणाली, "दिवा कधी चालू होईल? एखादा दिवस आधी नाही का होणार?"

चालू झाला तो ठरल्या दिवशीच. तीन दिवसांनी पुन्हा तपासायला बोलावलं तेव्हा डॉ. इनामदारांनी नवी व्यवस्था समजावून सांगितली. लाल त्रिकोण गेला होता. आता अडीअडचणीला दिवा उघडायचा तर दोन अर्ध्या किल्ल्या एकत्र याव्या लागणार होत्या: एक हॉस्पिटलकडे, दुसरी रुग्णानं नेमलेल्या माणसाकडे, त्या माणसाच्या फोनवर अंगठ्याच्या ठशानं. कुठल्याही गावातून चालेल.

"अन्विताचंच नाव घालायचं ना?" डॉक्टर लिहायला लागले.

"नको," उल्काताई म्हणाल्या.

अन्विता खिडकीबाहेर बघत होती. ती तशीच बघत राहिली.

"मग कुणाचं?"

"ज्योत्स्ना बिडवे. लातूरला असते. मी बोललेय तिच्याशी. आधी नको म्हणाली, मग काल हो म्हणाली."

"नात्यातल्या आहेत का?"

"नाही."

बाहेर येऊन दोघी रिक्षात बसल्या. मग अन्विता म्हणाली, "बरोबर केलंस. तुला माझी भीती वाटणं..."

"गप गं." उल्काताईंनी पदरानं तोंड पुसलं. तीनच दिवसांपूर्वी त्यांना मान उचलवत नव्हती. "भीती मला नाही, तुला आहे. किल्ली तुझ्याकडे असती तर मी हसले की तू आपल्याच हाताकडे बघत बसली असतीस. बघतेसच हल्ली. मला दिसतं. तेवढं तरी सुटू दे तुझं."



सांगलीच्या अलीकडे सिग्नलला रिक्षा थांबली. पुढे एक टेम्पो होता, त्यात दोरखंडानं बांधलेलं आरशाचं कपाट. आरशात आपलं तोंड दिसताच रिक्षावाल्यानं खिशातून कंगवा काढला, भांग पाडला, मिश्या पिळल्या, मान तिरकी करून बघितलं आणि समाधान न होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेजारच्या मोटरसायकलवाल्यानं वाकून त्याच आरशात दात बघून घेतले. उल्काताईंना आधी खुदकन, मग खळखळून हसू फुटलं. हसता हसता त्यांनी अन्विताचा दंड धरला, डोळ्यांत पाणी आलं. अन्विताही हसली.

हसू ओसरायच्या आत उल्काताईंनी मान वळवून रिक्षाच्या मागच्या लहानशा काचेतून रस्त्याकडे बघितलं. मागे एक पांढरी गाडी, एक दूधवाला, दोन कॉलेजच्या मुली. मग त्यांना जाणवलं की अन्विताची मानही त्याच काचेकडे वळलेली आहे.

"कुणी नाहीये, आई. आता कुणाला येताच येत नाही."

"माहितेय मला," उल्काताई म्हणाल्या.

सिग्नल सुटला, आरसा पुढे गेला, आणि पांढरी गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत दोघी मागेच बघत राहिल्या.